कार्व्हर मला मराठीत भेटला

पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या एप्रिलमध्ये काढला, जूनमध्ये शब्द बदलून पुन्हा काढला, आणि एवढा गदारोळ उठला की २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. त्या काळात कोल्हापुरातल्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. मी मँचेस्टरमध्ये राहते. इथे उजाडेपर्यंत तिकडे दुपार होते, त्यामुळे उठल्याउठल्या मेसेजचा ढीग वाचायचा आणि मगच चहा ठेवायचा, असं चाललं होतं. मामा सक्तीच्या कडाडून विरोधात. धाकटी बहीण म्हणते, हिंदी करा नाहीतर मराठी करा, माझ्या पोरांचं इंग्रजी पक्कं झालं पाहिजे, जगात त्यावरच निभाव लागतो. वडिलांना मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेल्या अभिजात दर्जाचा मनापासून अभिमान आहे, आणि आता तरी पोरं मराठी वाचतील अशी त्यांना आशा वाटते.

माझं मत मी तेव्हाच ग्रुपवर सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचं ओझं नको. निर्णय मागे घेतला हे चांगलंच झालं. पण एवढा मोठा लढा झाला, लेखक, शिक्षक, पालक, पक्ष सगळे उतरले, आणि त्यात एक प्रश्न मला फारसा ऐकू आला नाही. मराठी शाळेतली मुलगी दुसरी-तिसरीत घडाघडा वाचायला लागली, तर त्यानंतर तिने काय वाचायचं? पाठ्यपुस्तक संपल्यावर तिच्या हाताला दुसरं पुस्तक लागतं का? भाषा वाचवायची असेल तर माझ्या मते सगळं इथे येऊन ठरतं. बाकी भांडण मोठ्या माणसांचं आहे.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, कारण मला वाचायला लावलं ते एका पुस्तकाने, आणि ते पुस्तक माझ्या घरात नव्हतं, शाळेतही नव्हतं. ते मंगळवार पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात होतं.

वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर', एका कृष्णवर्णीय अमेरिकन शेतीशास्त्रज्ञाचं चरित्र. पहिली आवृत्ती १९८१ ची. माझ्या पिढीतल्या किती मराठी मुलामुलींनी ते वाचलं असेल याची गणती नाही. मी पाचवीत होते. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला होते. आमच्या घरी छापील म्हणावं असं पंचांग, दिवाळीच्या सुमारास कुणीतरी दिलेला एखादा अंक आणि देव्हाऱ्याजवळच्या पोथ्या, एवढंच होतं. वाचनालय म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत उतरत्या फळीचं टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, आणि सकाळ-संध्याकाळ ती वाचणारे पेठेतले म्हातारे. फुटबॉलचा सीझन असला की त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. मागच्या खोलीत काचेची कपाटं, त्यांना कुलपं. किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपाल काकांच्या कमरेला. संध्याकाळी काका खळ कालवून फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवत बसायचे. मी बालविभागातली राजाराणीची पातळ पुस्तकं नेऊन दुसऱ्याच दिवशी परत करायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, "वाचून झालं व्हय एवढ्यात?" मी मान हलवली. त्यांनी मोठ्यांचं कपाट उघडून एक पुस्तक काढलं. "हे ने. मोठ्यांचं आहे म्हणून भिऊ नकोस. अडलं तर मला येऊन विचार."

नियमाप्रमाणे ते पुस्तक मला मिळायला नको होतं. मोठ्यांच्या पुस्तकाची अनामत वेगळी होती, ती आम्ही भरलेली नव्हती. काकांनी नोंद स्वतःच्या नावावर घातली. हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात गुलामगिरीत जन्मला, साधारण १८६४ च्या आसपास. तान्हा असताना त्याला आणि त्याच्या आईला टोळीने पळवून नेलं. मालक मोझेस कार्व्हरने एक घोडा मोजून पोर परत मिळवलं, आई कधीच सापडली नाही. अशक्त, किनऱ्या आवाजाचा हा मुलगा रानात झाडंझुडपं गोळा करत हिंडायचा. काळ्या मुलांसाठी शाळा होती ती दुसऱ्या गावात, म्हणून तो एकटा घर सोडून चालत निघाला. पुढे कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला आणि तो दारात उभा राहिल्यावर कातडीचा रंग बघून नाकारला. त्या पानावर मी थांबले होते. पुढचं पान उलटायचं धाडस होत नव्हतं. पत्रात हो आणि दारात नाही, यात काय होतं ते पाचवीतल्या मुलीलाही पुरतं समजलं.

त्यानंतर तो आयोवात शिकला, १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला गेला, भंगारातल्या बाटल्या नि डबे जमवून प्रयोगशाळा उभी केली. वर्षानुवर्षं कापूस घेऊन घेऊन मेलेल्या जमिनी त्याने भुईमुगाने जिवंत केल्या. शेतकरी शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून १९०६ साली गाडीवर शाळा घालून तीच त्यांच्या बांधावर नेली.

भुईमूग म्हटल्यावर मला राहवेना. आमच्या मामाचं शेत गडहिंग्लजजवळ. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा शेंगांची काढणी चालू होती. मामी आणि बायका वेल उपटून ढीग घालत होत्या. मी एक वेल घेतला, मुळांची माती झाडली आणि पाहिलं. मुळांना बारीक गोल गाठी, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, अंग मातकट. नखाने एक फोडली तर आतून लालसर निघाली. हवेतलं नत्र धरून ठेवणारे जिवाणू तिथे राहतात आणि म्हणून भुईमूग जमिनीला परत देऊन जातो. पुस्तकामुळे हे डोक्यात शिरलं होतं, आणि आता ते माझ्या अंगठ्याच्या नखाला लागलेलं होतं. मामा म्हणाला, "काय बघतीस गं एवढं? आळी लागलीया व्हय मुळाला?" मी सगळं सांगितलं. तो चवड्यांवर बसून नीट ऐकत राहिला आणि म्हणाला, "शेंगांच्या रानात पुढचं पीक जोमात येतंय एवढं आम्हांस्नी ठावं. का येतंय ते आज कळलं." आता त्या रानात ऊस आहे, बारमाही.

मी शास्त्रज्ञ झाले नाही. हिशेबाचं काम करते, त्यातच खूश आहे. पण त्या वर्षीपासून मी पुस्तकाशिवाय राहिले नाही, आणि वाचलेलं जगात कुठेतरी खरं असतं, हाताने उपटून बघता येतं, हा विश्वास तेव्हा बसला तो अजून टिकून आहे.

आता बहिणीच्या मुद्द्याकडे येते, कारण तो एकट्या तिचा नाही. कोल्हापुरातल्या निम्म्या तरी आयांचा तोच मुद्दा आहे आणि त्यामागे पोरांविषयीची खरी काळजी आहे. तिचं म्हणणं, जगाची ओळख इंग्रजीतूनच होते. मी म्हणते, माझी झाली नाही. अलाबामा, कापसाचे मळे, गुलामांचे लिलाव, गोऱ्यांच्या वसतिगृहात न मिळणारी जागा, हे सगळं मला मराठीत कळलं, कोल्हापूरच्या बाहेर पाऊल टाकण्याआधी. इंग्रजीत ते पुस्तक मला त्या वयात दिलं असतं तर मी शब्दकोशाशी झटापट करून दहाव्या पानावर सोडून दिलं असतं. आणि यात नवल काही नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. मराठीने अमेरिकेकडे, तेही तिच्या सगळ्यात दुखऱ्या जागेकडे, दीडशे वर्षांपूर्वीच डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं.

मी इथे आले तेव्हा माझं इंग्रजी वाचून वाचून तयार झालेलं होतं, आणि वाचायची सवय मराठीने लावली होती. सवय आधी लागते, भाषा मग वाढवता येते. बहिणीला मी हेच सांगते की पोरांना इंग्रजी माध्यमात घातलंस तो तुझा निर्णय आहे, त्यावर मी भांडणार नाही. पण त्यांना ज्या भाषेत हसू येतं आणि रडू येतं त्या भाषेतलं पुस्तक घरात असू दे.

इथे ऑक्टोबर हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. मुलीला घेऊन आमच्या भागातल्या ग्रंथालयात गेले तर दर्शनी फळीवर कार्व्हरचं चित्रमय पुस्तक मांडलेलं. मुलीने तिथेच खाली बसून वाचून काढलं आणि मला म्हणाली, "आई, यानेच पीनट बटर शोधलं ना?" तसं पुस्तकात नव्हतं, तिने शाळेत कुणाकडून तरी ऐकलं होतं. कार्व्हरने पीनट बटर शोधलं नाही, ते आधीपासून होतं. त्याचं खरं काम मातीतलं. मी तिला गाठींची गोष्ट सांगितली, मामाच्या रानाची सांगितली. शेजारी बसलेल्या ग्रंथपाल बाई ऐकत होत्या, त्यांनी विचारलं, तुम्हाला हे कुठल्या विद्यापीठात शिकवलं? मी सांगितलं, पाचवीत असताना मराठीत वाचलं. त्यांना मराठी ही भाषा माहीत नव्हती, पण कार्व्हरचं चरित्र तिच्यात चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी आलं आणि एका ग्रंथपाल बाईनेच लिहिलं, हे ऐकून त्यांना फार आनंद झाला. वीणाताई पेशाने ग्रंथपाल, हे मला माझ्या लाडक्या पुस्तकाबद्दल आवर्जून सांगावंसं वाटतं.

त्या दिवशी मुलीने सहा पुस्तकं घेतली. अनामत नाही, वर्गणी नाही. घराचा पत्ता दाखवला की कार्ड मिळतं. कपाटाला दार नाही, मग कुलूप कुठून असणार. उन्हाळ्याच्या सुट्टीत देशभर मुलांसाठी वाचनाचं आव्हान असतं, १९९९ पासून चालू आहे, फुकट. मूल वाचलेल्या पुस्तकाबद्दल ग्रंथालयातल्या माणसाला येऊन सांगतं. हे सांगणंच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. काकांनी 'वाचून झालं व्हय' असं विचारलं नसतं तर मी राजाराणीतच राहिले असते. शिवाय इथे ग्रंथालयातून पुस्तक घरी गेलं की त्यामागे लेखकाला काही पेन्स मिळतात, १९७९ च्या कायद्याने. मराठी लेखकाचं पुस्तक पेठेतल्या वाचनालयातून शंभर घरांत फिरलं तरी त्याच्या हातात काही पडत नाही.

हे वाचून घरचे म्हणतील, झालं, लागली ही इंग्लंडचं कौतुक करायला. म्हणून इथली दुसरी बाजूही सांगते. २०१० नंतर सरकारने स्थानिक कौन्सिलांचा, म्हणजे इथल्या नगरपालिकांचा, निधी आखडला आणि देशभरात शेकडो ग्रंथालयं बंद पडली किंवा स्वयंसेवकांच्या हवाली झाली. जी उरली त्यांतल्या कित्येकांचे तास कमी झाले. दुपारी शाळा सुटल्यावर मूल जातं तर दार बंद. शाळेत ग्रंथालय असलंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती इंग्लंडमध्ये नाही. तुरुंगात आहे, शाळेत नाही. गरीब वस्तीतल्या शाळांना याचा फटका आधी बसतो. तेव्हा इथे सगळं आलबेल आहे असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

फरक आहे तो एवढाच की इथे १९६४ च्या कायद्याने ग्रंथालय चालवणं हे कौन्सिलचं कर्तव्य ठरवलंय. ग्रंथालय बंद करायची वेळ आली की लोक तो कायदा घेऊन कोर्टात जातात, कौन्सिलच्या सभेत उभे राहतात, दारात पोरंबाळं घेऊन बसतात. दरवेळी जिंकतात असं नाही. पण आपण भीक मागत नाही, हक्काचं मागतोय, हे त्यांना माहीत असतं.

आणि इथे मला कोल्हापूरबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी या सगळ्या भाषावादात कुणीच काढली नाही आणि ज्याचा मला अतोनात अभिमान आहे.

१८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा केला. त्याच कायद्याखाली १८५२ साली मँचेस्टरला मोफत ग्रंथालय उघडलं, उद्घाटनाला चार्ल्स डिकन्स हजर होते. गंमत म्हणजे त्या पहिल्या कायद्यात इमारतीसाठी आणि नोकरांसाठी कर लावायला परवानगी होती, पुस्तकं विकत घ्यायला नव्हती. ती पुढे १८५५ मध्ये आली. आणि त्याच १८५० साली कोल्हापुरात आजच्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना झाली. मी जिथे वाढले आणि जिथे राहते, ती दोन्ही गावं जवळपास एकाच वेळी या वाटेला लागलेली. मँचेस्टर तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं गिरणगाव. कोल्हापूर त्यामानाने लहानसं संस्थान.

पण कोल्हापूर तिथेच थांबलं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. वसतिगृहं उभी केली ती जातीजातींच्या पोरांना शहरात राहून शिकता यावं म्हणून. कार्व्हरला दारातून परत पाठवलं गेलं, तसं इथल्या पोरांच्या वाट्याला येऊ नये यासाठी एक राजा गादीवर बसून धडपडत होता, हे मला मोठी झाल्यावर उमगलं. आणि त्याच संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला पहिला. मद्रासचा कायदा येतो १९४८ मध्ये, कोल्हापूरच्या मागून. मग १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो कायदाही इतिहासजमा झाला. अख्ख्या महाराष्ट्राला ग्रंथालय कायदा मिळायला १९६७ उजाडलं.

भारतात ग्रंथालयाचा पहिला कायदा करणाऱ्या गावात आज पेठेतल्या वाचनालयाचं काय चाललंय? सुट्टीत आले की मी काकांच्या वाचनालयात जाते. काका आता नाहीत. त्यांच्या जागी एक तरुण मुलगा आहे, पदवीधर, ग्रंथालयशास्त्र शिकलेला. पहाटे पेपरच्या लाइनवर जातो, दुपारी एका दुकानात हिशेब लिहितो आणि संध्याकाळी इथे बसतो. कारण इथल्या मानधनात घर चालत नाही. महाराष्ट्रात ही ग्रंथालयं सरकारची नाहीत, संस्थांची आहेत. सरकार अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान देतं. त्यातूनच पुस्तकं, त्यातूनच वीजबिल, त्यातूनच माणसाचा पगार. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तीही लोकांनी वर्षानुवर्षं मागून मागून. हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून मी त्या मुलाकडून वाचनालयाचा जमाखर्च मागून घेतला. वीज, कपाटांची दुरुस्ती, त्याचं मानधन गेल्यावर नव्या पुस्तकांना जे उरतं त्यात बालविभागाचा एक कप्पाही भरत नाही. मुलं वाचत नाहीत म्हणणाऱ्यांनी तो कप्पा एकदा जाऊन बघावा. मी वाचलेली राजाराणीची पुस्तकं अजून तिथेच आहेत, पुन्हा बांधलेली.

मोबाइलने वाट लावली, असं सगळे म्हणतात. मोबाइलचा दोष मी नाकारत नाही, माझ्या घरातही तीच कुस्ती आहे. पण मोबाइल मुलाच्या हातात आहे आणि पुस्तक कुलपात आहे, यातलं काय बदलणं आपल्या हातात आहे ते तरी बघू. शाळाशाळांतून पुस्तकांची कपाटं बंद असतात, कारण पुस्तक हरवलं तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. शिक्षकांना मी बोल लावणार नाही. हरवलेलं पुस्तक हे वाचलेलं पुस्तक असण्याची शक्यता जास्त, एवढं अधिकाऱ्यांनी मान्य केलं आणि दरवर्षी काही टक्के पुस्तकं झिजणार, हरवणार असं धरूनच हिशेब मांडला, तर ही कुलपं उद्या निघतील. इथल्या ग्रंथालयांत तशीच नोंद घालतात आणि पुढे जातात.

मराठी शाळांत आता कोण घालतंय, हेही वाक्य ग्रुपवर सारखं येतं. कोल्हापुरातच महापालिकेच्या जरगनगरच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. मराठी माध्यमाची, महापालिकेची शाळा. चांगलं दिलं तर लोक मराठीसाठी रात्र काढतात. वाचनालयांचंही तसंच होईल.

परदेशातली आम्ही मराठी माणसंही यात काही फार पुढे नाही. आठवड्याच्या सुट्टीला मराठीचे वर्ग चालतात, गणपतीला मुलं श्लोक म्हणतात, लेझीम खेळतात, कौतुक होतं. पण वर्गात वाचायला पुस्तकं किती? भारतातून येताना बॅगेत जागा उरली तर आणलेली. आमच्या ग्रंथालयात उर्दू, अरबी, चिनी, पोलिश पुस्तकांच्या फळ्या आहेत, कारण त्या लोकांनी मागणी केली, पाठपुरावा केला. मराठीची फळी नाही, कारण आम्ही मागितलीच नाही. यंदा आम्ही काही घरांनी मिळून रीतसर अर्ज दिला आहे. बालभारतीने 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला ठेवलेत, त्यांचे उपकार मोठे आहेत. माझी मुलगी त्यातली कोडी सोडवते आणि मी तिच्या मागे उभी राहून गोष्टी वाचते.

बहीण म्हणते, "आक्का, तुझं सगळं बरोबर आहे, पण पैसे कुठून आणायचे? रस्त्यांचे खड्डे बुजेनात, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी घरात शिरतं, त्यात वाचनालय कुणाच्या लक्षात राहणार?" तिचा हा प्रश्न खरा आहे आणि मला त्याला खरं उत्तर द्यायचं आहे. कागल ओलांडलं की कर्नाटक लागतं. तिथे १९६५ च्या कायद्यापासून मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी सेस, म्हणजे वरचा जादा कर, घेतात, सहा टक्के. केरळात आहे, तमिळनाडूत आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. सेस लावला म्हणजे सगळं झालं असंही नाही. कर्नाटकात गोळा झालेला पैसा महापालिकांकडून ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोचत नाही अशा तक्रारी आहेत. त्यासाठी लोकांनी हिशेब मागत राहावं लागतं. पण मागायला हिशेब तरी असतो. आपल्याकडे दरवेळी अनुदान वाढवा म्हणून मंत्र्यांच्या दारात निवेदनं घेऊन उभं राहायचं, एवढंच हातात आहे.

आणि १९४५ साल कसं होतं ते आठवा. महायुद्ध चालू होतं, धान्याला रेशन होतं, रॉकेलसाठी रांगा होत्या. रस्ते तेव्हाही नीट नव्हते. त्या सगळ्यात कोल्हापूर संस्थानाने वाचनालयांसाठी कायदा केला. त्यांना खड्डे दिसत नव्हते असं नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. चौदा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला पेठेतल्या वाचनालयात अनामत आणि वर्गणी माफ. बालविभागाच्या कपाटांची कुलपं काढलेली. दरवर्षी त्या विभागासाठी वेगळी बाजूला ठेवलेली रक्कम, जी वीजबिलात जाणार नाही. आणि ग्रंथपालाला एवढा पगार की त्याला पहाटे पेपर टाकायला जावं लागू नये, संध्याकाळी येणाऱ्या पोराशी बोलायला त्याच्या अंगात त्राण उरावं. सेस लावायचा तर राज्याचा कायदा बदलावा लागेल, ते आमदारांचं काम. कोल्हापूर महापालिकेने तसा ठराव करून पाठवायला तर काही हरकत नाही. मतं मागायला जे दारात येतील त्यांना मामा-मावशांनी, बहिणीने, तिच्या मैत्रिणींनी हे विचारावं, जितक्या जोराने हिंदीबद्दल विचारलं तितक्याच जोराने.

इथल्या कौन्सिल टॅक्सच्या बिलासोबत पैसा कुठे गेला याचा तपशील येतो, त्या कराच्या पैशातून ग्रंथालयांचाही खर्च चालतो. आईच्या घराचा घरफाळा मीच इथून ऑनलाइन भरते. त्या पावतीवर पाणी, सफाई, दिवाबत्ती, शिक्षण असे कर येतात. त्यांच्याखाली ग्रंथालय कर अशी एक ओळ वाढली, तर मी तो त्याच दिवशी भरेन आणि वर्षअखेरीला त्याचा हिशेबही मागेन.